फोटो बिघडलाय की तुमची स्क्रीन? चेहऱ्याला हात लावण्याआधी एवढं तपासा

कोल्हापुरात कुठल्याही चौकात उभं राहा. वाढदिवसाचा एक तरी फ्लेक्स दिसणारच. आता त्याच माणसाचं व्हॉट्सअॅप स्टेटस उघडून बघा. स्टेटसवर भाऊ गव्हाळ, फ्लेक्सवर गुलाबी, आणि मंडळाच्या इन्स्टा पेजवर थेट केशरी. माणूस एक, फोटोही एकच, चेहऱ्याचे रंग तीन.

वाढदिवसाच्या फ्लेक्सवर हे हसण्यावारी जातं. चार दिवसांनी फ्लेक्स उतरतो, विषय संपतो. पण काही फोटो भिंतीवरून उतरत नाहीत. तिथं हा घोळ महागात पडतो. मला पडला, म्हणून हा लेख.

दोन वर्षांपूर्वी माझी आज्जी गेली. फ्रेमसाठी तिचा एकटीचा धड फोटो कुणाकडेच नव्हता. चुलतभावाच्या लग्नातला एक ग्रुप फोटो सापडला, त्यात ती मस्त हसत होती. "तू मीडियात आहेस, तूच कर" असं म्हणून घरच्यांनी काम माझ्याकडे दिलं. रात्री एक वाजता लॅपटॉप घेऊन बसले. चेहरा कापून घेतला, मागचं लाल कापड काढलं. चेहरा फार पिवळा वाटला म्हणून स्लायडर निळ्याकडे नेला. जरा जास्तच उजळ वाटला म्हणून थोडा खाली आणला. फोनमधल्या एका अॅपचं एका टचमध्ये त्वचा साफ करणारं बटण दाबलं आणि सकाळी फाईल प्रिंटला दिली.

फ्रेम आली. आज्जीचा चेहरा राखेसारखा निळसर-काळा. माझी आत्ती फ्रेम हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली. रंगाबद्दल ती काही बोललीच नाही. तिनं एवढंच विचारलं, "आईच्या हनवटीवरचं गोंदण कुठं गेलं गं?"

ते गोंदण अॅपनं डाग समजून पुसलं होतं.

प्रिंटवाल्यावर चिडणं सोपं होतं, पण त्याची काहीच चूक नव्हती. त्यानं मी दिलेली फाईल जशीच्या तशी छापली होती. माझ्या लॅपटॉपवर नाइट लाइट चालू होता आणि तो स्क्रीन मुद्दाम पिवळी करतो. म्हणजे पिवळी होती स्क्रीन, आणि मी निळा केला आज्जीचा चेहरा. शिवाय अंधाऱ्या खोलीत ब्राइटनेस पूर्ण वर होता, त्यामुळे बरोबर असलेला फोटोही मला उजळ दिसला आणि तो मी काळा केला.

पोर्ट्रेट एडिट करताना बिघडतं ते बहुतेक वेळा असंच. दोष स्क्रीनचा असतो आणि दुरुस्ती आपण चेहऱ्यावर करतो.

आधी स्क्रीनची झडती घ्या

सगळ्यात सोपी चाचणी स्क्रीनशॉटची. फोटोचा रंग विचित्र वाटतोय? त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि दुसऱ्या फोनवर पाठवून बघा. नाइट लाइट, आय कम्फर्ट, रीडिंग मोड, आयफोनमधलं नाइट शिफ्ट आणि ट्रू टोन हे सगळे प्रकार फाईलला हात लावत नाहीत. ते फक्त डिस्प्लेवर चष्मा चढवतात. त्यामुळे सहसा ते स्क्रीनशॉटमध्ये उतरत नाहीत. तुमच्याकडे पिवळा दिसणारा स्क्रीनशॉट दुसऱ्याकडे ठीक दिसला, तर समजा चष्मा तुमच्या स्क्रीनवर आहे. एडिटिंगला बसण्याआधी हे सगळे मोड बंद करा. यातले बरेचसे संध्याकाळी आपोआप चालू होतात. दुपारी केलेलं एडिटिंग रात्री "बिघडलेलं" वाटतं, त्यामागे अनेकदा एवढंच कारण असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे फोनचा रंगांचा मोड. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये डिस्प्ले सेटिंग्जमध्ये 'व्हिव्हिड' आणि 'नॅचरल' असे पर्याय असतात, नावं कंपनीप्रमाणे थोडी बदलतात. दुकानातून फोन येतो तो बहुधा व्हिव्हिडवर. त्यात आंबा जास्त पिवळा दिसतो, पैठणी जास्त जांभळी दिसते, आणि आपल्या गव्हाळ त्वचेत केशरी रंग चढतो. मग आपण सॅच्युरेशन कमी करतो आणि फोटो दुसऱ्यांच्या फोनवर आजारी दिसायला लागतो. एडिट करताना नॅचरलवर या. पहिले दोन दिवस स्क्रीन मेलेली वाटेल, मग सवय होते.

तिसरा मुद्दा ब्राइटनेसचा, आणि "प्रिंट काळी आली" या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा इथंच मिळतं. कागद स्वतः प्रकाश देत नाही, स्क्रीन देते. छपाईसाठी काम करणारे लोक मॉनिटर साधारण ८० ते १२० निट्सवर ठेवतात. आजचे चांगले फोन उन्हात १००० निट्सच्याही पुढे जातात. एवढ्या झगमगाटात बघून ठरवलेला उजेड कागदावर कसा उतरेल? मोजायचं यंत्र नसेल तर एक घरगुती उपाय आहे. स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी खरा पांढरा कागद धरा, आणि दोन्ही साधारण सारखे पांढरे वाटेपर्यंत ब्राइटनेस खाली आणा. खोलीत दिवा लावलेला असू द्या. भिंत हिरवी किंवा गुलाबी असेल तर तिचा रंगही डोळ्याला फसवतो, म्हणून तोंड शक्यतो साध्या भिंतीकडे करून बसा. ऑटो ब्राइटनेस बंद.

लॅपटॉपवाल्यांसाठी एक खास त्रास आहे. काळ्या बॅकग्राउंडवरचा फोटो झूम केला की चेहरा एकदम उजळ किंवा मंद होतो. आपल्याला वाटतं फोटोशॉप वेडं झालंय. पण बॅटरी वाचवण्यासाठी लॅपटॉपच समोरचं चित्र बघून बॅकलाइट वरखाली करत असतो. विंडोज ११ मध्ये डिस्प्ले सेटिंग्जमध्ये, ब्राइटनेसच्या खाली, कंटेंटप्रमाणे ब्राइटनेस बदलण्याचा पर्याय असतो. तो बंद करा. काही लॅपटॉपमध्ये हीच करामत ग्राफिक्स कार्डाच्या अॅपमध्ये पॉवर सेव्हिंगच्या नावाखाली लपलेली असते.

आणि स्वस्त लॅपटॉपची मान जरा मागे-पुढे करून बघा. चेहरा काळा-गोरा होत असेल तर पॅनेलच तसं आहे. त्याला सेटिंग नाही. नेहमी एकाच कोनात, डोळ्यांसमोर सरळ ठेवून काम करणं एवढंच हातात उरतं.

एकाच कॉम्प्युटरवर दोन रंग

हा प्रकार वेगळा. फोटो ब्राउझरमध्ये ठीक दिसतो आणि फोटोशॉपमध्ये पिवळा, किंवा त्याच्या उलट. स्क्रीन एकच आहे म्हटल्यावर दोष प्रोफाईलचा.

थोडक्यात सांगायचं तर फाईलमध्ये रंग आकड्यांत लिहिलेले असतात आणि ते आकडे कसे वाचायचे याची किल्ली म्हणजे प्रोफाईल. १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टनं मांडलेलं एसआरजीबी हे आजही इंटरनेटचं साधं चलन आहे. अॅडोबी आरजीबी आणि आयफोनमध्ये वापरलं जाणारं डिस्प्ले पी३ यांत जास्त रंग मावतात. किल्ली हरवली की गडबड होते. अॅडोबी आरजीबीमधला फोटो एखाद्या अॅपनं एसआरजीबी समजून दाखवला, तर चेहऱ्यातलं रक्तच गेल्यासारखा फिका पडतो. इन्स्टावर टाकल्यावर "रंग उडाले" म्हणतात त्यातला मोठा हिस्सा हा. उपाय एकच. सोशल मीडियासाठी एक्स्पोर्ट करताना एसआरजीबी निवडा आणि प्रोफाईल फाईलसोबत जोडण्याच्या चौकटीत टिक करा. फोटोशॉपमध्ये आधीच उघडलेल्या फाईलसाठी 'कन्व्हर्ट टू प्रोफाईल' वापरायचं असतं. शेजारीच 'असाईन प्रोफाईल' असतं, त्याला चुकूनही हात लावू नका. कन्व्हर्टमध्ये आकडे बदलतात आणि रंग तोच राहतो. असाईनमध्ये आकडे तेच राहतात आणि रंग बदलतो.

फाईल एसआरजीबी असूनही फोटोशॉपमध्ये सगळंच पिवळट दिसत असेल, तर मॉनिटरचं स्वतःचं प्रोफाईल खराब असतं. विंडोज अपडेट किंवा नव्या ड्रायव्हरसोबत असं प्रोफाईल कधीकधी येऊन बसतं. स्टार्टमध्ये 'कलर मॅनेजमेंट' शोधा, तुमचा मॉनिटर निवडा, या उपकरणासाठी माझी सेटिंग वापर अशा अर्थाच्या चौकटीत टिक करा, एसआरजीबी अॅड करून ते डिफॉल्ट ठेवा आणि फोटोशॉप बंद करून परत उघडा. यात स्क्रीन परफेक्ट होत नाही, पण खोटं बोलायची थांबते. ज्यांचं पोटच फोटोवर आहे त्यांनी स्पायडर किंवा कॅलिब्राइटसारखं कॅलिब्रेशनचं यंत्र घ्यावं. चार स्टुडिओंनी मिळून एक घेतलं तरी चालतं.

अलीकडे नवीन भर पडलीय एचडीआर फोटोंची. नव्या आयफोनवर, आणि २०२३ च्या अँड्रॉइड १४ पासून तिकडेही, कॅमेरा फोटोसोबत उजेडाचा एक वेगळा नकाशा साठवतो. गॅलरीत फोटो उघडला की कपाळावरचा, दागिन्यांवरचा प्रकाश अक्षरशः चमकतो. तोच फोटो हा नकाशा न वाचणाऱ्या अॅपमध्ये गेला की सपाट पडतो. फोटो बिघडलेला नसतो, फक्त जादा उजेड काढून घेतलेला असतो. पण आपण ती चमक परत आणायला हायलाइट्स ओढत बसतो आणि नवरीचं कपाळ पांढरंफटक करून ठेवतो. छापायचा फोटो असेल तर गॅलरीतला एचडीआर व्ह्यू बंद करूनच निर्णय घ्या.

हा घोळ शंभर वर्षांचा आहे

आता थोडं विषयांतर, पण कोल्हापूरकरांनी हे वाचावंच. खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ आपण येता-जाता बघतो. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांची ती आठवण. आडनाव मेस्त्री, पण नाटकाचे पडदे रंगवता रंगवता आडनावच पेंटर झालं. त्यांनी कॅमेरा स्वतः तयार करण्याचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ मध्ये गेले, बाबूरावांनी तो पुरा केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' हा मूकपट आणला.

त्या काळची फिल्म आणि फोटोच्या काचा यांचा एक दोष होता. त्यांना निळा रंग भरपूर दिसायचा आणि लाल जवळपास दिसायचाच नाही. म्हणजे कपाळावरचं लाल कुंकू फोटोत काळं, आणि निळं आकाश कोरं पांढरं. आपल्या त्वचेत लाल-तपकिरी छटा जास्त, त्यामुळे चेहरे प्रत्यक्षापेक्षा काळे उमटायचे, वांग आणि डाग ठसठशीत व्हायचे. लाल रंगही नीट ओळखणारी फिल्म १९२० च्या दशकाच्या शेवटी सर्रास वापरात आली. घरात पणजोबांचा जुना फोटो असेल आणि "किती काळे होते" असं कुणी म्हणत असेल, तर त्यात पणजोबा किती आणि काच किती हे सांगता येत नाही.

रिटचिंगही तेव्हापासूनचंच आहे. रिटचर निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल चालवायचा. सुरकुती प्रिंटमध्ये काळी म्हणजे निगेटिव्हवर पातळ. तिथं ग्रॅफाईट भरलं की प्रिंटमध्ये ती उजळ व्हायची. आजच्या हीलिंग ब्रशचं काम, फक्त अंडू नव्हतं.

दरवर्षी २६ जूनला राजर्षी शाहू महाराजांचे रंगीत फोटो स्टेटसला फिरतात, तेही याच नजरेनं बघा. महाराज गेले १९२२ मध्ये. त्यांच्या कृष्णधवल फोटोंना आज कॉम्प्युटरवर रंग दिला जातो, तेव्हा फेट्याचा आणि त्वचेचा रंग रंगवणाऱ्यानं किंवा सॉफ्टवेअरनं ठरवलेला असतो. मूळ फोटोत तो नोंदलेलाच नाही.

आणि 'सैरंध्री'चा दुसरा किस्सा. बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेल्या व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल यांच्या मंडळींनी १९२९ मध्ये कोल्हापुरातच प्रभात कंपनी काढली. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली. त्याच वर्षी त्यांनी 'सैरंध्री' पुन्हा केला, या वेळी रंगीत. प्रिंट काढायचं काम जर्मनीत झालं. पण पडद्यावर रंग भडक आणि बिघडलेले दिसले, आणि भारताचा पहिला रंगीत चित्रपट म्हणून लौकिक मिळाला तो १९३७ च्या 'किसान कन्या'ला. शूटिंग एकीकडे, प्रिंट दुसरीकडे आणि बघणारा तिसरीकडे. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवून फ्लेक्स करून घेणाऱ्या प्रत्येक मंडळाची हीच व्यथा आहे.

पुढे रंगीत फिल्म आली तेव्हा लॅबमधले रंग जुळवायला कोडॅक एक नमुना फोटो पाठवायची. त्यावर अनेक वर्षं गोरी बाईच असायची, 'शर्ली कार्ड' म्हणून ते ओळखलं जातं. तिची त्वचा छान दिसली की मशीन बरोबर, असा हिशोब. सावळ्या चेहऱ्यांचं काय होतं हे बघायची गरजच कुणाला वाटली नव्हती. गुगलनं पिक्सेल ६ सोबत 'रिअल टोन' आणलं ते २०२१ मध्ये. एवढा उशीर लागला, यातच सगळं आलं.

चेहऱ्याचा खरा रंग कसा ओळखायचा

स्क्रीनवर भरवसा नसेल तर आकड्यांवर ठेवा. फोटोशॉपमध्ये 'इन्फो' पॅनेल उघडा, ड्रॉपरचा सॅम्पल साईझ ५ बाय ५ करा आणि गालाच्या मध्यम उजेडाच्या भागावर कर्सर न्या. माणसाची त्वचा गोरी असो वा काळी, साध्या उजेडात लाल आकडा सगळ्यात मोठा, मग हिरवा, आणि निळा सगळ्यात लहान असतो. निळा हिरव्याच्या जवळ किंवा वर गेला असेल तर चेहऱ्यावर निळा-जांभळा रंग चढलाय. हे तुमच्या स्क्रीनवर दिसो वा न दिसो, आकडा खोटं बोलत नाही. आज्जीच्या बिघडलेल्या फाईलमध्ये मी नंतर बघितलं, तर निळा आकडा हिरव्याला टेकला होता. तीस सेकंदांचं काम होतं, त्या रात्री केलं असतं तर!

व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर वापरताना आपल्याकडची एक गंमत लक्षात ठेवा. सगळे ट्युटोरियलवाले सांगतात, फोटोतल्या पांढऱ्या वस्तूवर क्लिक करा. आपण क्लिक करतो आजोबांच्या टोपीवर नाहीतर धोतरावर. पण त्या कापडाला नीळ दिलेली असते! ते मुळातच निळसर असतं. सॉफ्टवेअर तो निळा काढायला सगळ्या फोटोत पिवळा ओततं आणि आजोबांना कावीळ होते. डोळ्यांचा पांढरा भागही नको, म्हाताऱ्या माणसांत तो पिवळट असतो. राखाडी भिंत, सिमेंट, स्टीलचं भांडं सावलीत असेल तर ते, अशा गोष्टी बऱ्या.

मांडवातल्या फोटोंत अजून एक भानगड असते. वरच्या लाल-पिवळ्या कापडातून गाळून आलेला उजेड कपाळावर, आणि हिरव्या शालूवरून उसळलेला उजेड हनवटीखाली. एकाच चेहऱ्यावर दोन रंग. इथं सगळ्या फोटोचा स्लायडर हलवून काही होत नाही, एक सुधारलं की दुसरं बिघडतं. हनवटीखालचा भाग वेगळ्या मास्कनं निवडून तेवढ्यातलाच हिरवा कमी करायचा. गळ्यातलं सोनं मात्र मास्कच्या बाहेर ठेवा, नाहीतर सोनं पितळ होतं.

ब्रश चालतच नाही, आता?

हे भराभर सांगते, कारण यातलं बहुतेक पाच सेकंदांचं असतं.

ब्रशचा गोल जाऊन बारीक फुली दिसतेय? कॅप्स लॉक चालू आहे. ब्रश फिरवला तरी काहीच उमटत नाही? कुठंतरी छोटं सिलेक्शन राहिलंय आणि त्याची हलणारी रेघ कंट्रोल-एचनं लपलीय, कंट्रोल-डी दाबून मोकळे व्हा. रंगवल्यावर लालसर पारदर्शक थर येतोय? क्यू दाबला गेलाय, परत दाबा. नव्या कोऱ्या लेयरवर हीलिंग ब्रश काम करत नाही? वर 'सॅम्पल'मध्ये 'करंट लेयर' असेल, कोऱ्या लेयरमधून तो उचलणार काय? 'करंट अँड बिलो' करा. स्क्रीन काळी पडतेय, चौकोन चमकतायत? प्रेफरन्सेसच्या परफॉर्मन्समध्ये ग्राफिक्स प्रोसेसरची टिक काढून बघा. त्यानं थांबलं तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट करा आणि टिक परत द्या.

केसांच्या किंवा फेट्याच्या कडेला हीलिंग केल्यावर काळा धब्बा उमटतो, कारण हीलिंग ब्रश शेजारचा रंग मिसळून घेतो. कडेला क्लोन स्टॅम्प वापरा, मधल्या त्वचेवर हीलिंग.

बॅकग्राउंडला पट्टे पडल्यासारखे दिसतात ते मात्र घाईनं दुरुस्त करू नका. अनेक स्वस्त लॅपटॉपचे पॅनेल प्रत्येक रंगाच्या ६४ च पायऱ्या दाखवू शकतात, उरलेल्या लुकलुकवून भासवतात. फोटोत पट्टे नसतात, स्क्रीनवर असतात. दुसऱ्या फोनवर बघून खात्री करा. तिथंही दिसले तर बॅकग्राउंडला किंचित नॉइज द्या.

शार्पनेस किंवा त्वचेचा पोत नेहमी १०० टक्के झूमवर तपासा. ६६ किंवा ३३ टक्क्यांवर प्रोग्राम पिक्सेल गाळून दाखवतो, ते चित्र खरं नसतं. आणि सारखं २०० टक्क्यांवर राहून काम केलं की एकेक रंध्र पुसत जाता. शेवटी झूम कमी करता तेव्हा समोर मेणाचा पुतळा.

काय पुसायचं आणि काय नाही

एक साधा नियम बरेच जुने रिटचर पाळतात आणि तो मला पटतो. पंधरा दिवसांत जे आपोआप जाणार आहे ते पुसा. पुटकुळी, डास चावलेला लाल ठिपका, घाम, विस्कटलेली बट. जे माणसासोबत राहणार आहे ते राहू द्या. तीळ, व्रण, गोंदण, देवीचे वण. वाटल्यास थोडं सौम्य करा. त्यासाठी रिटचिंग वेगळ्या लेयरवर करा आणि शेवटी त्या लेयरची ओपॅसिटी ५०-६० टक्क्यांवर आणून बघा. बहुतेक वेळा तेवढंच हवं असतं.

ब्युटी मोडला हा फरक कळत नाही. त्याला काळा ठिपका म्हणजे डाग. गोंदण काय, नथीची सावली काय, सगळं एकच. काही फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यात तो मोड आधीपासूनच चालू असतो, म्हणजे चेहरा मूळ फाईलमध्येच पुसून येतो. तो नंतर परत आणता येत नाही. घरातल्या वयस्कर माणसांचे फोटो काढताना एवढं एक बटण बंद करा.

लग्न जुळवायच्या फोटोंचं वेगळंच दुखणं आहे. "जरा उजळ करा" हे वाक्य ऐकलं नाही असा फोटोग्राफर सापडणार नाही. मुलीला न विचारता आई सांगते, आई न सांगताही काही जण करून टाकतात. मग भेटीच्या दिवशी समोरचे फोटोकडे आणि मुलीकडे आळीपाळीनं बघतात. चेहऱ्यावर सावली पडली असेल तर ती उचलणं ही दुरुस्ती झाली. त्वचेचा रंगच बदलणं हे खोटं सांगणं झालं, आणि ते निस्तरायला लागतं त्या मुलीला.

एआय एन्हान्सबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. अस्पष्ट चेहरा त्यात टाकला की पापण्या, दात, डोळ्यांतली चमक सगळं लख्ख येतं. पण ते फोटोत लपलेलं बाहेर आलेलं नसतं. लाखो चेहऱ्यांवरून शिकलेलं सॉफ्टवेअर इथं साधारण असं काहीतरी असेल म्हणून नवीन काढतं. आज्जीच्या फोटोवर मी तेही करून बघितलं. फार सुंदर बाई आली. पुढचे दात सरळ होते. आज्जीचा एक दात पुढं होता आणि ती हसताना तोच आधी दिसायचा.

फाईल आणायची कुठून

माझ्या पहिल्या प्रयत्नातली आणखी एक चूक मला नंतर कळली. मी घेतलेला फोटो घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा होता. व्हॉट्सअॅप साध्या पद्धतीनं पाठवलेला फोटो लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलवर आणतं आणि वर दाबतंही. ग्रुप फोटोत आज्जीचा चेहरा उंचीला जेमतेम १२० पिक्सेल होता. मी तो फ्रेममध्ये पाच इंच उंच छापला, म्हणजे इंचाला २४ पिक्सेल. अशा चेहऱ्यात गोंदण टिकणार तरी कसं?

लग्नाच्या फोटोग्राफरला फोन केला. नशिबानं त्याच्या हार्ड डिस्कवर मूळ फाईल होती, ६००० बाय ४०००. तीत चेहरा ४५० पिक्सेलचा मिळाला. पाच इंचाला तोही कमीच. मग मोठ्या फ्रेमचा हट्ट सोडला आणि चेहरा अडीच इंच येईल अशी लहान फ्रेम केली. इंचाला १८० पिक्सेल, हातात धरून बघायला पुरेसे. फोटो पाठवताना तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगितला, तसं केलं की व्हॉट्सअॅप फाईल दाबत नाही. एचडी पर्याय साध्यापेक्षा बरा, पण छापायला डॉक्युमेंटच.

या वेळी दिवसा बसले. नाइट लाइट बंद, ब्राइटनेस कागदाशी जुळवलेला, गालाचे आकडे तपासलेले. मूळ फाईलची कॉपी करून कॉपीवरच काम केलं आणि मधल्या सगळ्या सेव्ह पीएसडीमध्ये केल्या, कारण जेपीजी एडिट करून पुन्हा पुन्हा सेव्ह केली की दर वेळी थोडी झिजते. प्रिंटवाल्या दादांना आधी ४ बाय ६ ची एक चाचणी प्रिंट मागितली. ती घराबाहेर नेऊन दिवसाच्या उजेडात बघितली, मग आतल्या ट्यूबखाली, जिथं फ्रेम लागणार होती तिथं. अजून थोडी काळपट होती. लॅपटॉपवर ठीक दिसत होतं तरी मिडटोन जरा वर उचलले आणि मग मोठी काढली.

फ्लेक्स करणार असाल तर चाचणीला फ्लेक्सचाच तुकडा मागा. फोटो पेपरवर बघून फ्लेक्सचा अंदाज येत नाही, तिथली शाई वेगळी, कापड वेगळं. भडक गुलाबी आणि निळा तिथं हमखास बदलतो. पिक्सेलची मात्र फ्लेक्सला एवढी चिंता नाही, तो वीस फुटांवरून बघायचा असतो.

नवी फ्रेम आत्तीकडे नेऊन दिली. तिनं चष्मा लावला, काचेवरून हनवटीवर बोट फिरवलं आणि खिळा कुठं ठोकायचा ते दाखवलं.

फोटोग्राफर फोनवर म्हणाला होता की डिस्क भरली की तो जुनी लग्नं उडवतो, आमचं पुढच्या महिन्यात जाणार होतं. तुमच्या घरी गेल्या दोन-चार वर्षांत लग्न, बारसं, वास्तुशांत काही झालं असेल, तर अल्बम आला म्हणून थांबू नका. पेन ड्राइव्ह घेऊन जा आणि मूळ फाईली मागून घ्या.